बाथरूमचं दार शोधण्याची कार्यपद्धती

माणूस आयुष्यात वर चढला की नाही, हे त्याच्या घरात काय काय आहे यावरून ठरत नाही. काय काय दिसत नाही यावरून ठरतं. ज्याची बादली दिसते, तो अजून धडपडतोय. ज्याचं कपाट दिसतं, त्याचं बरं चाललंय. आणि ज्याच्या घरात दारसुद्धा दिसत नाही, तो पोचला.

अधीक्षक या अर्थाने गेल्या वर्षी पोचले. (प्रस्तुत लेखक आणि अधीक्षक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, याची नोंद घ्यावी.) एका मोठ्या कार्यालयात परिपत्रकांचे मसुदे लिहिण्यात सव्वीस वर्षं घालवल्यावर त्यांनी शहरातल्या सर्वांत उंची वस्तीत जुना फ्लॅट घेतला आणि तो सजावटकार बाईंच्या हवाली केला. या वस्तीचा लौकिक असा, की इथल्या दुकानांना पाट्या नसतात. पाववाल्याची पाटी काडेपेटीएवढी आहे, म्हणून त्याच्याकडे जरा कमीपणानंच बघतात. डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव पांढऱ्या दारावर पांढऱ्या अक्षरांत आहे. ज्याला ते वाचता येतं, त्याला आत जाण्याचं कारणच उरत नाही.

बाईंनी सात महिन्यांत घरातली प्रत्येक मूठ, कडी आणि खुंटी काढून टाकली. आता फ्रिज कपाटासारखा दिसतो, कपाट भिंतीसारखं दिसतं आणि बाथरूमचं दार कशासारखंच दिसत नाही. पॅसेजच्या बावीस फूट सलग पांढऱ्या भिंतीत ते कुठंतरी आहे. नेमक्या जागी तळहाताने दाबलं की उघडतं. पहिल्या तिमाहीत अकरा पाहुणे आले. पैकी पाच जणांना दार सापडलं, चार जण झाडूच्या कपाटात शिरले (त्यातले एक बराच वेळ बाहेर आले नाहीत) आणि दोघं घाईघाईने निरोप घेऊन निघाले. घराची स्तुती मात्र सगळ्यांनी तोंडभरून केली.

अशात अक्काच्या मोतीबिंदूचं निघालं. अक्का म्हणजे अधीक्षकांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना न्हाऊ-माखू घालून, प्रसंगी कान पिळून वाढवलं. तिचा विषय निघाला की आजही त्यांना गलबलून येतं. शस्त्रक्रियेनंतरचे आठ दिवस तिने आपल्याकडेच काढायचे, असा त्यांनी हट्ट धरला. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्याने मुळातच कमी दिसणारं, अशी अक्का आली. अधीक्षकांनी तिला स्वहस्ते लिहिलेली कार्यपद्धती वाचून दाखवली.

कलम एक: पॅसेजच्या तोंडाशी उजवा खांदा भिंतीकडे करून उभं राहावं. दोन: सहा पावलं मोजावीत (पावलं मध्यम असावीत). तीन: खांद्याच्या उंचीवर दाबावं. चार: झाडू दिसल्यास एक पाऊल मागे येऊन कलम तीनपासून पुन्हा सुरुवात करावी.

"छोट्या," अक्का म्हणाली, "दाराला एक कडी लावली असतीस, तर काय बिघडलं असतं रे?"

"अगं, मग ते दार दिसलं असतं ना!"

अक्काने मान डोलावली. लहानपणी छोट्या तापात बरळायचा, तेव्हाही ती अशीच मान डोलवायची.

तिसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या लक्षात आलं, की तिच्या उशाशी सकाळी ठेवलेलं तांब्याभर पाणी संध्याकाळीही तसंच आहे.

"अक्का, पाणी का पीत नाहीस?"

"तहानच लागत नाही बघ इथं. हवा किती छान आहे तुमच्याकडे."

आयुष्यभर फायली वाचलेल्या माणसाला न लिहिलेलंच आधी दिसतं. दार शोधायला लागू नये म्हणून अक्काने पाणी पिणंच सोडलं होतं. अधीक्षकांना इतकी लाज वाटली, की त्यांचे कान गरम झाले. त्यांनी ताबडतोब सजावटकार बाईंना फोन लावला: दारावर बोटभर चिकटपट्टी लावली तर चालेल का?

"लावा," बाई खचलेल्या आवाजात म्हणाल्या. "घर तुमचं आहे. गुरुवारी मासिकाचे लोक फोटो काढायला येताहेत, त्यांना कळवते की भिंत गेली."

अधीक्षकांच्या पत्नीने त्या संध्याकाळी भिंत दोनदा पुसून घेतली.

तेव्हा अधीक्षकांनी मधला मार्ग काढला. आठवड्याची रजा टाकली, स्टूल घेतलं आणि दाराशेजारी स्वतःच बसले. अक्का पॅसेजमध्ये आली की ते खाकरत, आवाजाच्या रोखाने ती येई आणि ते उठून दार दाबत. सव्वीस वर्षांत इतकं थेट उपयोगाचं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. घरात एकच मूठ उरली होती आणि ती बावन्न वर्षांची होती. अक्का पोटभर पाणी पिऊ लागली. परतताना स्टुलाशी थांबून ती त्यांच्या लहानपणच्या फजित्या सांगे आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत (तिला डॉक्टरांची मनाई असूनही).

गुरुवारी फोटोवाले आले.

"काका, ते स्टूल आणि तुम्ही, दोघं जरा बाजूला व्हा ना. दहाच मिनिटं."

अधीक्षक उठले. ('नाही' हा शब्द त्यांच्या मनात तयार होता, मसुद्याला अंतिम रूप द्यायचं तेवढं राहून गेलं.) ते दिवाणखान्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि तिथून खाकरणं त्यांना बरं दिसेना.

दुसऱ्या दिवशी अक्काची पट्टी निघाली. "आता लख्ख दिसतंय," ती म्हणाली आणि दोन दिवस बाकी असताना पिशवी भरू लागली. छोट्याने पुष्कळ विनवण्या केल्या. रिक्षात बसताना तिने त्याचा गाल कुरवाळला. "स्टुलावर बसला होतास ना, तेवढे दिवस घर फार चांगलं होतं हो तुझं."

पुढच्या महिन्यात फोटो छापून आला. भिंत शुभ्र, सलग. सोबत बाईंची चिठ्ठी होती: 'मूळ फोटोत भिंतीलगत एक धूसर आकृती चाचपडताना आली होती. सफाईने पुसून घेतली आहे. काळजी नसावी.' अधीक्षकांनी तो फोटो बराच वेळ डोळ्यांशी धरला. काम खरोखरच सफाईचं होतं. अक्का नेमकी कुठं होती, ते त्यांनाही सांगता येईना.

वाचकांना हसू येत असेल, तर खुशाल हसावं. फक्त एवढं आठवून पाहावं, की आपल्याकडे शेवटचं राहायला कोण आलं होतं. जेवायला नव्हे; पिशवी घेऊन, आठ दिवसांसाठी. आठवत नसेल, तर अभिनंदन. आपलं दार आमच्यापेक्षा (म्हणजे अधीक्षकांपेक्षा) कितीतरी चांगलं लपलंय, आणि तेही सजावटकार बाईंना न बोलावता.