ज्ञानूची वाढीव दोन वर्षं

"वय मीच वाढवलं, कमी बी मीच करतो. त्यात काय एवढं?"

शुक्रवार पेठेतल्या आपल्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून सिदूनं हे जाहीर केलं आणि अख्ख्या गल्लीनं ऐकलं. गिरणीत मागावर तीस वर्षं काढलेला माणूस, हळू बोलायचं कसं हे तो कधीच विसरला होता.

झालं होतं असं. सिदूचा पोरगा ज्ञानू गिरणीच्या संघातून फुटबॉल खेळायचा. दिवाळीतल्या सामन्यांना मुंबईहून एक साहेब आले, त्यांनी ज्ञानूचा डावा पाय बघितला, आणि चौऱ्याहत्तर सालच्या माघात पत्र येऊन थडकलं. देशाचा तरुण पोरांचा संघ परदेशी स्पर्धेला जायचाय, तयारीच्या शिबिराला या. येताना जन्मतारखेचा दाखला आणा, वय विसाच्या आत पाहिजे. ज्ञानूनं ते पत्र इतक्यांदा वाचलं, की घड्यांवर विरायला आलं. सिदूला वाचता येत नव्हतं, पण त्याच्याही मनात एक होतंच. पोराच्या छातीवर देशाचं नाव लिहिलेलं एकदा डोळ्यांनी बघायचं. स्वतः सिदू जन्मात कधी तासा-दोन तासांवरच्या दुधनीच्या पलीकडं गेला नव्हता, आणि त्याचा पोरगा विमानात बसणार होता!

अडचण एवढीच, की शाळेच्या दाखल्यावर ज्ञानूचा जन्म एक जून त्रेपन्नचा. म्हणजे वीस पुरी, वर आठ महिने. खरा ज्ञानू जन्मला पंचावन्नच्या शिमग्यात. मधली दोन वर्षं बापानं पदरची घातलेली.

त्याचंही कारण होतं. ज्ञानू चार वर्षांचा असताना दिसेल ते लाथेनं उडवायचा. शेजारणीची बादली झाली, कोंबड्यांचं डालगं झालं, एकदा तर सिदूचा भरलेला जेवणाचा डबा. बायको केराबाई विड्या वळायला जायची, तिच्या मागं हे कार्टं सांभाळणार कोण? सिदूनं त्याला काखेत मारून शाळेत नेलं आणि सहा वर्षांचा म्हणून ठोकून दिलं. शरणप्पा गुरुजींनी जन्मतारीख विचारली, तर म्हणाला, तुमीच लिवा की. गुरुजींनी गल्लीतल्या सगळ्या पोरांना घातली तीच घातली.

तर सिदू गिरणीत रजा टाकून शाळेत गेला. शरणप्पा गुरुजी आता हेडमास्तर झाले होते, निवृत्तीला चार महिने उरलेले. चाळीस वर्षांत रजिस्टरात एक खाडाखोड केली नाही, असं त्यांनी आधी तीनदा सांगितलं. पण ज्ञानूच्या पत्राची बातमी त्यांच्याही कानावर होती. शेवटी म्हणाले, कचेरीतून प्रतिज्ञापत्र करून आण, मग बघू.

सिदूनं कुंभारी गावाहून सारजाबाई सुईणीला साक्षीला आणलं. म्हातारीला ज्ञानूचा जन्म लख्ख आठवत होता. बाहेर होळी पेटलेली, आणि पोरानं जगात आल्याआल्या पहिली लाथ तिच्याच नाकावर घातलेली. कचेरीतल्या कारकुनानं नाकाचं तेवढं गाळून बाकीचं लिहून घेतलं. अंगठे उठले, शिक्का बसला. सिदूनं त्याच दिवशी गल्लीत पेढे वाटून टाकले आणि ज्ञानूनं बुटांना नव्या नाड्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी कागद वाचला, रजिस्टर उघडलं, टाक दौतीत बुडवला आणि थांबले. चार पानं पुढं गेले, परत मागं आले.

"सिदू, मायाक्का तुझीच ना रे?"

"व्हय की. ज्ञानूच्या पाठची."

"तिची तारीख आहे एक जून पंचावन्न. हा शिमग्यात, ती जूनमध्ये. केराबाई तीन महिन्यांत दुसऱ्यांदा बाळंत झाली, असं लिहू?"

ज्ञानूच्या वेळी खपलं म्हणून दोन वर्षांनी लेकीलाही सिदूनं तसंच नेऊन बसवलं होतं. तो म्हणाला, मग तिची बी दोन वर्सं उतरवा. गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मायाक्काची सरकारी दवाखान्यात नर्सच्या शिक्षणाला निवड झाली होती, ती ह्याच दाखल्यावर. तिथं अठरा पुरी लागत. खरी मायाक्का अजून सतराचीही नव्हती. एकाचं खरं लिहिलं की दुसरी घरी बसते, गुरुजी म्हणाले, कुणाचं लिहू ते तूच सांग.

सिदू कागद घेऊन घरी आला आणि सगळं बोलून मोकळा झाला. मायाक्का म्हणाली, माझं उतरवा, मी दोन वर्षांनी जाईन. केराबाईनं नवऱ्याचा आधी उद्धार केला, मग पदर तोंडाला लावून रडली. सिदू पोरासमोर खाली मान घालून बसला.

"चुकलं रं माझं," तो म्हणाला. "तुझ्या वाटचं मीच खाल्लं."

ज्ञानू बराच वेळ पत्राची घडी घालत राहिला.

"मायाक्काचं ऱ्हाऊ दे तसंच, आबा. मी काय, कुटं बी खेळीन. तिला ही जागा परत गावायची न्हाई."

एवढं बोलून तो मैदानावर गेला आणि दिवस मावळेपर्यंत एकटाच भिंतीवर चेंडू मारत राहिला. सिदू कडेला उभा राहून बघत होता. त्या साहेबाला आत्ताच्या आत्ता धरून आणावं, हा पाय पुन्हा एकदा दाखवावा, असं त्याला फार वाटलं. पण साहेब मुंबईत, आणि सिदूला मुंबईची दिशासुद्धा नीट ठाऊक नव्हती.

ज्ञानूनं कळवून टाकलं, माझं वय जास्त भरतं, येता येत नाही.

पंधरा दिवसांनी साहेबांचं उत्तर आलं. इंग्रजी होतं, ज्ञानूनं जुळवून जुळवून सगळ्यांना सांगितलं. तुमचा खेळ अजून डोळ्यांसमोर आहे. नियमापुढं इलाज नाही, वाईट वाटतं. मात्र तुम्हाला एखादा धाकटा भाऊ असेल आणि तो तुमच्यासारखाच डाव्या पायानं खेळत असेल, तर त्याला दाखल्यासकट ताबडतोब पाठवून द्या.

सिदूनं पत्र हातात घेतलं, न कळणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला.

"लिव त्येला, धाकटा हाय म्हनावं. दोन वर्सानं ल्हान हाय, डाव्या पायाचाच हाय. निस्ता दाखला न्हाई त्येचा."