मेघाच्या भरिताबाबत तूर्त निर्णय

"नेम धर, पण त्याला 'सहसा' लावून धर," असं आमच्या धुरपदाअक्का मला लग्नाच्या वर्षी सांगून गेल्या. अक्का गेल्या, 'सहसा' राहिलं, आणि त्यावर आमचा सगळा धर्म सुरळीत चालला आहे.

जो पाळायलाच हवा तो नेम. आणि तो कुठे पाळायला नको हे ठाऊक असणं म्हणजे ज्ञान. आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात हे ज्ञान आमच्या भजनी मंडळाकडे आहे. मंडळ दुपारी भजन करतं आणि उरलेल्या वेळात काय चालतं, काय चालत नाही ते ठरवतं. (भजनाला दहा मिनिटं पुरतात.) पद्धत शास्त्रशुद्ध आहे. निर्णय पक्का असतो, पण तूर्त. नवी माहिती आली की बदलतो. गेल्या वर्षीचे शंभर टक्के निर्णय बदलले, यावरून मंडळ किती जागरूक आहे ते कळावं.

परवा प्रश्न आला मेघाचा. मेघा ही आमच्या अध्यक्षा कोकिळाबाईंची सून, सातवा महिना. दोन दिवस तिच्या पोटात चहासुद्धा ठरत नव्हता. खावंसं वाटत होतं ते फक्त वांग्याचं भरीत. आणि चातुर्मास संपायचा होता. चातुर्मासात वांगं वर्ज्य. इतर जिल्ह्यांना यात विशेष त्याग वाटत नाही. जळगावला वाटतो, म्हणून पुण्यही आमचंच जास्त.

सून सासूला विचारल्याशिवाय खाणार नाही, सासू मंडळाला विचारल्याशिवाय देणार नाही. बैठक कोकिळाबाईंच्याच घरी होती. मी स्वयंपाकघरात जाऊन मेघाच्या कपाळावर हात ठेवला. "दिवेलागणीपर्यंत तुझ्या पानात भरीत पडेल, बाई," म्हटलं, आणि बैठकीला येऊन बसले.

पहिला निर्णय झाला: चालत नाही.

धुळ्याकडच्या इंदिराअक्का उसळल्या. "पोटमा पोर शे, तिले काय कायदा सांगतस वं? खाऊ द्या ना तिले!"

डोहाळे पुरवायलाच हवेत. सबब, चालतं.

मंडळातल्या कुंदाबाईंनी आठवण करून दिली, की आज गुरुवार आणि मेघा गुरुवार धरते. सबब, चालत नाही.

"गरोदर बाईला कसला आलाय उपवास?" मंडळातली रूपा म्हणाली.

"पण तिने सोडलाय का तो?"

"सोडायला आधी काही खावं लागेल ना!"

"मग खाऊ दे की."

"काय?"

"भरीत."

"अहो, ते चालतं का, हेच तर ठरवतोय!"

इथे सगळ्यांनी पाणी प्यायलं. (पाणी चालतं. सहसा.)

मग कुंदाबाई हळूच म्हणाल्या, "अशा दिवसांत वांगं खाल्लं तर बाळाच्या टाळूवर देठ येऊ शकतो."

"येऊ शकतो म्हणजे येईलच असं नाही," रूपा म्हणाली.

"येईलच असं नाही, म्हणजे येणार नाही असंही नाही."

मंडळाने दोन्ही म्हणणी एकमताने मंजूर केली.

कोकिळाबाईंचे डोळे भरून आले. "मला काय हौस आहे का पोरीला उपाशी ठेवायची? वांगी आणून ठेवलीत मी. एकदाचं ठरवा ना गं."

तेवढ्यात आतून मेघाच्या ओकारीचा आवाज आला. ही नवी माहिती मानायची की जुनीच, यावर चर्चा सुरू झाली.

तुम्ही हसत असाल. हसा. एकादशीला तुमच्या खिचडीतला बटाटा आणि मिरची कुठल्या पुराणातून आली, असं कुणी विचारू नये म्हणून दुसरा घास तुम्हीही घाईनेच घेता. आमचं मंडळ निदान विचारतं तरी.

स्वतः न खाता नुसतं वांगं भाजणारीला दोष लागतो का, याबद्दल मंडळाने अजून काहीच ठरवलेलं नव्हतं. ते ठरायच्या आत मी उठले. वांग्यांची पिशवी पदराखाली घेतली, आणि बांगड्या वाजू न देता मागच्या अंगणात जाळासाठी कापसाच्या वाळक्या काड्या रचायला गेले.