बंकटमामांच्या आमऱ्या

आमच्या ईट गावात सकाळी उठून कुणी डेअरीकडं जातं, कुणी रानात. बंकटमामा शिडी लावून आंब्यावर चढतात आणि वर लोंबणाऱ्या मुळ्यांना बोट लावून बघतात. मग झाडावरूनच पुकारा होतो, "प्याली! आज दव लई पडलं, पोटभर प्याली!"

शेजारच्या अंगणात दात घासणारा मी मान दुसरीकडं वळवतो.

मामा म्हणजे शेजारच्या ज्ञानबाचे मेहुणे. ना बायको, ना मूल. आठ वर्षांपूर्वी वायरमन म्हणून निवृत्त झाले आणि बहिणीच्या, सुमनअक्कांच्या, घरी येऊन राहिले. म्हणून अख्ख्या गावाचे मामा. नोकरीत तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायचं काम असे. तोडलेल्या फांदीला कधी आमरी, म्हणजे ऑर्किड, चिकटलेली असायची: जाड पानं, पांढऱ्या मुळ्या. मामा ती पिशवीत घालून आणत आणि ज्ञानबाच्या आंब्याला सुतळीनं बांधत. आज त्या आंब्यावर बावीस आमऱ्या आहेत.

मी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आमरीच्या मुळीवर स्पंजासारखा थर असतो, तो दव नि पाऊस शोषतो, ओली झाली की मुळी हिरवी दिसते, हे सगळं फळ्यावर आकृती काढून सांगितलं. पोरं जांभया द्यायची. मामा मुळीवर ओंजळभर पाणी शिंपडतात, मुळी हिरवी होते आणि तीच पोरं मोबाईल काढून फोटो घेतात! माझे जुने विद्यार्थी आता आपली कॉलेजातली मुलं घेऊन माझ्या दारावरून मामांकडं जातात. मला फक्त, "सर, तब्येत काय म्हणते?"

"येडशीच्या रानात जाऊन बघा," मामा त्यांना सांगतात. "आमरीच्या बुडाशी पालापाचोळा अडकतो, त्यात ओल ऱ्हाती. खाली भुई तापलेली, पन वर त्या ओलीला मुंग्या येत्यात, किडे येत्यात. किड्यांमागं पाखरं. झाडाच्या खांद्यावर गावच वसलेलं असतंय!"

खांद्यावरचं गाव. तीस वर्षांत मला सुचलं नव्हतं. मी आतल्या आत जळलो.

शेवटी मीही सोलापुरातून एक आमरी आणली, मामांकडं नसलेल्या जांभळ्या फुलांची. कुंडीत माती भरली, शेणखत घातलं, दोन वेळ पाणी दिलं. पंधरा दिवसांत ती कुजली. मामांनी वाकून बघितलं. "सर, पाजून मारली की तुमी! हिला मातीत न्हाय, वाऱ्यात ऱ्हायचं असतंय."

माझी बायको खळखळून हसली. ते हसणं जिव्हारी लागलं.

त्याच संध्याकाळी ज्ञानबा पारावर भेटला. यंदा आंब्याला मोहोर कमी आला म्हणून कुरकुरत होता. मी म्हणालो, "ते बांडगूळ किती वर्षं पोसणार आहेस? काढून टाक एकदाचं." बांडगूळ झाडाचा रस खातं आणि आमरी फक्त टेकायला जागा घेते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हणालो. ज्ञानबानं नुसतं "हूं" केलं.

दुसऱ्या सकाळी शिडी लागली नाही. पुकारा नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशीही शांतता, तेव्हा मात्र दात घासताना चैन पडेना.

इतक्यात सुमनअक्का आल्या. "सर, तुमी तरी समजवा. बंकट पेटी भरतोय. पारावर कुनीतरी आमच्या मालकास्नी म्हनलं, बांडगूळ किती वर्षं पोसनार, काढून टाक. हा मागनंच येत हुता, त्यानं ऐकलं. परवापास्नं घासभर जेवला न्हाय. कोन म्हनलं, ते काय सांगंना."

मी घाईघाईनं चूळ भरली.

मी गेलो तेव्हा मामा सदऱ्यांच्या घड्या पत्र्याच्या पेटीत ठेवत होते. "या, सर," म्हणाले. वर बघितलं नाही.

"मामा, ते मी आमरीला म्हणालो होतो. आणि तेसुद्धा खोटं. तुमच्यावर जळत होतो मी."

मामांचा हात थांबला. "म्हंजी, मला न्हाय म्हनलात?"

"नाही हो."

"आमरीला म्हनलात?"

"हो."

"सर!" मामा ताडकन उभे राहिले. "मला म्हनला असता तर एकवेळ चाललं असतं. विज्ञानाचं मास्तर तुमी, आन् आमरीला बांडगूळ म्हनलात?"

दारात ज्ञानबा येऊन उभा होता. "बंकटराव, मी हूं केलं ते मोहोराच्या नादात," तो म्हणाला. आत आला, पेटीचं झाकण लावलं आणि पायानंच ती पुन्हा खाटेखाली सरकवली.

मामा खाटेवर टेकले. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून हळूच म्हणाले, "अक्का, सरास्नी च्या टाक. आन्... मलाबी दे अर्धा कप."

अक्का उंबऱ्यातच थबकल्या. त्यांनी मला नंतर सांगितलं, आठ वर्षांत समोर येईल ते मामांनी खाल्लं, पण तोंडानं कधी काही मागितलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी मामांना बशीत सांडेपर्यंत भरून कप दिला.