निरीक्षकाच्या नावचं हरीण

डॉ. पद्माकर सोवनी यांनी आयुष्यात एकही प्राणी मारलेला नव्हता, आणि ही गोष्ट यंदाच्या वार्षिक मूल्यमापनात त्यांची उणीव म्हणून नोंदवली गेली.

उणीव नोंदवणारे त्यांचे विभागप्रमुख हेर (म्हणजे जर्मनमधले श्रीयुत) फोग्ट हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. जर्मनीतल्या येना गावच्या ज्या कंपनीत पद्माकरराव सहा वर्षं नोकरी करत होते, ती कंपनी शिकारीच्या बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी बनवत असे. त्या दुर्बिणीच्या भिंगांवर अतिशय पातळ लेप चढवून, दिवेलागणीच्या अंधूक उजेडातही लांबचं जनावर लख्ख दिसेल अशी व्यवस्था करणं हे पद्माकररावांचं काम. त्यात ते वाकबगार होते. मात्र त्या भिंगातून त्यांनी आजवर फक्त समोरच्या भिंतीवरचा तक्ता पाहिला होता.

"गुणवत्ता उत्तम. वक्तशीरपणा उत्तम," हेर फोग्ट म्हणाले. "ग्राहकाशी जवळीक मात्र शून्य."

"मी ग्राहकांच्या सगळ्या मेलना उत्तरं देतो."

"हो, हो. पण आपला ग्राहक मेल लिहिताना आपली दुर्बीण वापरत नाही, हेर डॉक्टर सोवनी."

हे बरोबरच होतं. दर ऑगस्टमध्ये हेर फोग्ट विभागातल्या काही जणांना घेऊन नामिबियाला मोठ्या जनावरांच्या मार्गदर्शित शिकारीला जात. सहल अजिबात सक्तीची नव्हती. एवढंच, की सहलीला नाव नोंदवलेला एकही माणूस त्यानंतर तात्पुरत्या करारावर राहिलेला नव्हता. पद्माकररावांचा करार 'बेफ्रिस्टेट', म्हणजे मुदतीचा होता. तीन वेळा वाढवून झाला होता आणि मार्चअखेर संपत होता. पुढे काय, या प्रश्नाला येनातला घरमालक, लेकीची शाळा आणि पुण्यातले सासरे असे तिघेही उत्तर मागत होते.

"ऑगस्टमध्ये येणार? आधी नाव नोंदवायचं असतं."

"गेर्ने," पद्माकरराव म्हणाले. गेर्ने म्हणजे आनंदाने. जर्मनीत सहा वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच निघतो.

घरी ऊर्मिला थालीपिठासाठी झुकिनी किसत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अहो, पण तुम्ही तर घरातला कोळीसुद्धा ग्लासात धरून बाल्कनीत सोडता."

"कोळ्यामुळे कुणी नोकरीत कायम होत नाही."

त्यांची तेरा वर्षांची लेक स्पृहा गेल्या वर्षापासून दूधदहीही खात नसे. जो माणूस रोज गाईचं दूध घालून चहा पितो त्यानं आता हरणासाठी गळा काढू नये, असं तिनं जर्मनमधून सांगितलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

ऊर्मिलानं उरलेली झुकिनी किसून संपवली. "नाही म्हणालात तर एप्रिलमध्ये आपण कुठे?"

"तेच तर."

"मग जा. पण मारू नका," ती म्हणाली. बाजारात जाताय तर जा पण कोथिंबीर आणू नका, अशा सुरात.

एका अर्थानं हाच तोडगा होता. म्हणून पुढच्या शनिवारी पद्माकरराव हॅनोव्हरला गेले. तिथे शिकारीच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं आणि हेर फोग्ट यांची नेहमीची सहल कंपनी त्यात नावं नोंदवून घेत होती. पेंढा भरलेल्या एका सिंहाच्या शेजारी मोफत कॉफी होती, आणि कॉफीच्या शेजारी फ्राउ ब्रांट नावाच्या अतिशय प्रसन्न बाई बसल्या होत्या.

"मला सहलीला यायचं आहे, पण मारायचं काही नाही," पद्माकरराव एका दमात म्हणाले.

"गेनाऊ! अगदी बरोबर! अशांची सोय आहे आमच्याकडे. तुम्हाला निरीक्षक म्हणून नोंदवते." पद्माकररावांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच बाईंनी विचारलं, "कुडू चालेल ना?"

कुडू म्हणजे मळसूत्री शिंगांचं, घोड्याएवढं हरीण. त्याचं चित्र मागच्या भिंतीवरच होतं. ते पद्माकररावांकडे बघत होतं.

"पण मी निरीक्षक आहे."

"म्हणूनच तर. पूर्वी आम्ही निरीक्षकांच्या नावे काही ठेवत नसू. मग एका गृहस्थांनी दोन आठवडे नुसतं गवत बघितलं आणि परत आल्यावर आमच्यावर खटला भरला. अनुभव मिळाला नाही म्हणून. जिंकले ते. तेव्हापासून प्रत्येक निरीक्षकाच्या नावे एक जनावर राखीव. तुम्ही फक्त बघायचं."

"आणि मारायचं कुणी?"

"तुमच्या सोबती शिकाऱ्यानं. तो तुम्ही आणायचा. आमची कंपनी काही मारत नाही, आम्ही फक्त मार्गदर्शन करतो."

पद्माकररावांनी कॉफीचा घोट घेतला. दुसरा एक मार्ग त्यांनी ट्रेनमध्येच योजून ठेवला होता. दुर्बिणीचा स्क्रू किती फिरवला म्हणजे गोळी जनावराच्या पाठीवरून सुखरूप निघून जाईल, हे गणित त्यांना तोंडपाठ होतं.

"समजा, मीच बंदूक घेतली आणि नेम चुकला?"

"नेम चुकला की जनावर जखमी धरतात आणि ते तुमच्या नावावर लागतं," फ्राउ ब्रांट समजुतीनं म्हणाल्या. "पण काळजी करू नका, तुम्ही हिरमुसले होऊन परत जाऊ नये म्हणून दुसरं देतात."

म्हणजे मारलं तर एक, बघितलं तरी एक, आणि चुकवलं तर दोन. विज्ञान शिकलेल्या माणसाला समोर आलेली आकडेवारी मान्य करावी लागते. पद्माकररावांनी निरीक्षकाच्या रकान्यात सही केली. सोबती शिकाऱ्याचं नाव नंतर कळवायचं ठरलं.

ऊर्मिलानं ही गोष्ट फक्त तिच्या मैत्रिणीला, नीताला सांगितली. नीतानं ती फक्त मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली.

मंडळाची तातडीची बैठक रविवारी अध्यक्ष श्यामकांतराव यांच्या घरी भरली. श्यामकांतराव एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात संस्कृतीवर बोलत. ते कोंबडीची तंगडी हातात धरून उभे राहिले.

"अहो सोवनी, आपली परंपरा काय आणि तुम्ही निघालात कुठे! जीवहत्या? आपल्या मंडळातून?"

"श्यामकांतराव, तुमच्या हातात कोंबडी आहे."

"ही मी मारली का? ही सुपरमार्केटात आधीच मेलेली होती." त्यांनी सभेकडे पाहिलं. सभा बिर्याणी वाढून घेत होती, तिनं मान डोलावली.

पद्माकररावांनी निरीक्षकाची सगळी हकिगत सांगितली. आपल्याला मारायचं नाही, फक्त एक सोबती हवा आहे, आणि तो न मिळाला तर सहल जाईल आणि तिच्या पाठोपाठ नोकरी, हेही सांगितलं. श्यामकांतरावांनी तंगडी ताटात ठेवली.

"एका शाकाहारी माणसाचं शील राखायचं, तर कुणीतरी पाप पत्करायलाच हवं. मी पत्करतो."

"पण तुम्हाला बंदूक कुठे येते?" नीतानं विचारलं.

"शिकतोय ना."

"कधीपासून?"

"झाले की दोन महिने," श्यामकांतराव म्हणाले, आणि लगेच, "बूटही घेतलेत. म्हणजे असावेत आपले."

पद्माकरराव हात जोडून उठणार, तेवढ्यात नीताचा नवरा रुपेश म्हणाला, "एक मिनिट हं. पद्माकरनं खरंच मारलं नाही, हे लोकांना कळणार कसं? तिकडे सगळेच हॅट घालतात. फोटोत कोण कुठला, पत्ता लागत नाही. उद्या कुणी म्हणेल, मंडळाचा शाकाहारी माणूस गेला आणि हरीण पाडून आला."

"साक्षीदार हवेत," नीता म्हणाली.

"मी येतो," रुपेश म्हणाला.

"आणि मी नको? तू एकटा जाणार आफ्रिकेत?"

पद्माकररावांनी तिथूनच फ्राउ ब्रांट यांना फोन लावला. साक्षीदार? साक्षीदार करतो काय, त्यांनी विचारलं. बघतो. मग तो निरीक्षक. दोन साक्षीदार, दोन कुडू, आणि दोन सोबती शिकारी. शिकारी लगेच मिळाले, एक पलंगावर बसलेला आणि एक बिर्याणीपाशी उभा असलेला. मग त्या दोघांच्या बायका म्हणाल्या, हे गोळ्या झाडणार आणि आम्ही घरी बसणार होय? त्यांनी बंदुकीला हात लावायचा नव्हता, फक्त सोबत जायचं होतं. फ्राउ ब्रांट यांनी त्यांच्या नावे दोन जनावरं लिहिली आणि आणखी दोन शिकारी मागितले. मंडळाच्या खजिनदार कौमुदीताई म्हणाल्या, मी आपली नुसते पक्षी बघायला येईन. बघणं ते बघणंच, असा फ्राउ ब्रांट यांचा खुलासा आला.

अडचण एकच निघाली. ती ऊर्मिलाला सुचली.

"अहो, पण ऑगस्ट म्हणजे श्रावण!"

घास तोंडाशी नेलेले हात थांबले. श्यामकांतरावांनी डोळे मिटून विचार केला.

"श्रावणात खायचं नसतं," ते सावकाश म्हणाले. "मारायचं नसतं असं कुठे आहे? आणि आपण मारलेलं खाणारच नाही. म्हणजे इतर वर्षांपेक्षा यंदा जास्तच कडक पाळल्यासारखं होईल."

ठराव एकमतानं मंजूर झाला.

थंडीभर तयारी चालली. गावाबाहेरच्या नेमबाजी मैदानावर मंडळाचे सभासद कागदी रानडुकरावर गोळ्या झाडू लागले. श्यामकांतरावांची पहिली गोळी शेजारच्या माणसाच्या डुकराला लागली, त्यामुळे शेजाऱ्याला नेमबाजीचं प्रमाणपत्र लवकर मिळालं. बायकांनी उपवासाची भाजणी किलोकिलोनं भाजली, कारण सहलीत दोन सोमवार आणि एक एकादशी येत होती. कौमुदीताईंनी दशम्यांचे डबेसुद्धा गवताच्या रंगाचे आणले. प्रत्येक शिकाऱ्यानं पद्माकररावांच्या ओळखीनं त्यांच्याच कंपनीची दुर्बीण घेतली. भिंगावर लेप कुणाचा आहे म्हटल्यावर दुसरी कुठली घेणार? आणि र्युसेल्सहाइम गावच्या मराठी मंडळाच्या कानावर हे गेल्यावर, येनावाले जातात आणि आपण मागे, हे त्यांना खपलं नाही. त्यांचे साक्षीदारही येऊ लागले.

पद्माकररावांची झोप उडाली. डोळे मिटले की भिंतीवरचं ते कुडू दिसे. आता त्याच्या मागे कळप उभा होता. आपण एकच जनावर वाचवायला निघालो आणि त्या प्रत्येक पावलाला दोन वाढत गेली, हा आलेख त्यांना स्वच्छ दिसत होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते मन घट्ट करून हेर फोग्ट यांच्या खोलीत गेले.

"मला येता येणार नाही," ते म्हणाले. "मला एकही प्राणी मारायचा नव्हता. आणि माझ्यामुळे आता तिकडची सहलीची अख्खी बस भरली आहे."

हेर फोग्ट सावकाश उभे राहिले. "बस?"

"हो."

"भरली? सगळ्यांकडे आपल्या दुर्बिणी?"

"बघणारे सोडून. पण बघणारे म्हणतायत, आम्हालाही हव्यात. नीट बघायला."

हेर फोग्ट यांनी तिथल्या तिथे मनुष्यबळ विभागाला फोन लावला. ज्या लोकांनी आजवर बंदूक पाहिलीही नव्हती असे लोक या माणसानं आपल्या दुर्बिणीपर्यंत आणले, असं ते फोनवर म्हणत होते. मग ते वळले. "ग्राहकाशी जवळीक, अत्युत्तम. हेर डॉक्टर सोवनी, तुम्ही कायम. आल्झो, तर मग, तुम्ही येऊच नका. इतकी चांगली तयारी करणारा माणूस इथेच हवा, पुढच्या वर्षीची तयारी कोण करणार?"

"आणि मी सगळंच रद्द करायला सांगितलं तर?"

"तुमचं नाव कमी होईल. तुमचं कुडू राहील, प्रतीक्षायादी मोठी आहे." त्यांनी करार पुढे सरकवला. "आणि हा विषय मग मला नव्यानं बघावा लागेल."

पद्माकररावांना स्पृहाची शाळा आठवली. घरमालक आठवला. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता आपण जाणारच नाही, म्हणजे आपण निरीक्षकही नाही. मारायचं तर नव्हतंच, आता बघायचंही नाही. या विचारानं त्यांना इतकं हलकं वाटलं की सही नेहमीपेक्षा वळणदार आली. त्यांचे हात स्वच्छ होते. पेनही कंपनीचं होतं.

संध्याकाळी ऊर्मिलानं शिरा केला. शिरा वाढताना तिला ओट्याच्या वर एक कोळी दिसला. पद्माकरराव लगबगीनं उठले. ग्लास उपडा घालून, खालून जाड कागद सरकवून त्यांनी कोळ्याला अलगद बाल्कनीत नेऊन सोडलं. बाहेर उणे सात होतं. घरातली ऊब जाऊ नये म्हणून त्यांनी दार चटकन लावून घेतलं.

"खरंच हो," ऊर्मिला कौतुकानं म्हणाली, "तुमच्या हातून साधी मुंगीसुद्धा मरायची नाही."

दुसऱ्या दिवशी फ्राउ ब्रांट यांचा फोन आला. बसमध्ये थोडी जागा करता येईल, आणखी कुणी आहे का, असं त्या विचारत होत्या. स्वतः मारणारे नकोत, ते भरपूर झालेत. पण ही सगळी हकिगत सुरुवातीपासून लांबून बघत असलेलं, शेवटी कुडू मरतं की वाचतं एवढ्याच उत्सुकतेनं थांबलेलं कुणी?

पद्माकररावांनी, आता ते कायम असल्यामुळे, जबाबदारीनं उत्तर दिलं. आहेत, म्हणाले.

तेव्हा वाचकहो, आपलंही नाव नोंदवलं गेलं आहे. आपण एकदाही गोळी झाडली नाहीत, इथपर्यंत फक्त बघत आलात, हे सगळ्यांना मान्य आहे. शिंगं मोठी हवीत की मध्यम, एवढं कळवावं.