गाडी घर बघायला येते

बार्शीच्या मलकाप्पा शेट्यांनी ठरवलेली विजेची गाडी कायमची राहायला यायच्या आधी रीतसर घर बघायला आली. सोबत मामा म्हणून इन्व्हर्टरची एक जुनी बॅटरी होती. मामांना दोन हमालांनी उचलून पाटावर बसवलं.

मलकाप्पांचं भुसाराचं दुकान. गिऱ्हाईक पोत्यात हात कुठवर घालतं, यावरून ते माणूस ओळखत. गाडीनं नव्या फरशीकडे बघितलंसुद्धा नाही. थेट मीटरच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिली. मलकाप्पा मनात म्हणाले, ह्याला म्हणतात पारख!

"वायर वेगळी ओढलीय?" मामांनी विचारलं.

"थेट मीटरपासून. लोड वाढला की आपोआप पडणारा स्विचही हिचा एकटीचा."

"आणि अर्थिंग? आधीच्या स्थळी पाण्याच्या मोटारीच्या बोर्डावरनं एक्स्टेन्शन ओढलं होतं. बोर्ड वितळला. पोरगी थोडक्यात वाचली."

"नवा खड्डा घेतलाय मामा. वायरमनकडून तपासूनही घेतलाय."

गाडीनं एकदा दिवा मिचकावला. मलकाप्पांच्या पत्नी महादेवीकाकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांची आई पानगावला अंथरुणाला खिळलेली, आणि काकूंच्या गुडघ्यांना एसटीच्या पायऱ्या चढवेनात. गाडी परत गेली असती, तर आईची भेट राहिली ती राहिलीच.

पिन लागली. गाडी शांतपणे घेऊ लागली. ऐंशी टक्क्यांवर म्हणाली, "पुरे."

इथंच घोटाळा झाला. काकूंच्या घरातनं "पुरे" म्हणून आजवर कुणी उठलेलं नव्हतं. विमा एजंटसुद्धा नाही.

"अगं, असं काय करतेस? शंभर तरी होऊ दे. माझी शपथ आहे!"

"रोज काठोकाठ भरलं की मला बाधतं, काकू. लांबच्या गावाला निघायच्या दिवशी घेईन की."

"बरं, एवढंसंच घे. माझ्यासाठी."

मामांनी हमालांना हाक मारली. "चल गं. आज आग्रह करतायत, उद्या कोंबतील."

काकूंचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. मग त्यांनी पुढे होऊन स्वतः बटण बंद केलं आणि पिन काढली. "पुरे तर पुरे, बाई."

लग्नातसुद्धा मलकाप्पांनी बायकोकडे इतक्या कौतुकानं पाहिलं नव्हतं.

"पसंत आहे," मामा म्हणाले.

गाडीनं दार उघडलं. "बसा काकू. आईंना बघून येऊ."

दोघी गेल्यावर मलकाप्पांनी मामांना डिस्टिल्ड वॉटर विचारलं. नको नको म्हणत मामांनी दोनदा घेतलं.