आफ्रिकेला जाण्यापुरतं चांगलं वर्तन

मेव्हण्याला "जरूर येतो" असं लिहून कळवलं ते केवळ हवाईपत्रावर दोन ओळींची जागा उरली होती म्हणून. (पैसे सगळ्या कागदाचे दिले होते.)

हा मेव्हणा, गोपाळकृष्ण, नैरोबीला रेल्वेत आहे. नऊ वर्षांत इकडं फिरकलेला नाही. माझ्या त्या दोन ओळींवर त्यानं बोटीची दोन तिकिटं पाठवली आणि लिहिलं, की मोटारीतून जंगलात नेऊन सिंह दाखवतो. वनमाला, म्हणजे आमची मंडळी, पत्र वाचून रडली. भाऊ दिसणार म्हणून. मग डोळे पुसून म्हणाली, "कागदांचं तेवढं तुम्ही बघा. तुमचा जन्म त्यातच गेलाय."

ते खरंच होतं. वीस वर्षं मी तालुक्याच्या कचेरीत दाखल्यांच्या टेबलावर कारकून आहे. (तालुका कोणता ते सांगत नाही. कचेरी अजून तिथंच आहे आणि मीही.) निजामाच्या अमदानीत उर्दूतून अर्ज परत करायचो, आता मराठीतून करतो. आमचे उस्ताद सांगायचे, की पहिल्या खेपेला अर्ज मंजूर केला तर कारकुनाला विचारतो कोण? म्हणून अर्ज हातात आला की मी आधी शेरा मारतो, मग वाचतो. तालुक्यात त्याबद्दल मला मान आहे. निदान मी आलो की लोक उठून उभे राहतात.

जंगलातल्या मोटारवाल्यांना विम्याचा कागद लागत होता. शाळा सुटल्यावर विम्याचं काम बघणारे अंबादास मास्तर आमच्या ओट्यावर फॉर्म भरायला बसले. पोहे घेऊन वनमाला बाहेर आली आणि तिथंच थांबली.

"सिंहानं खाल्लं तर पैसे मिळतात का हो मास्तर?"

"दुप्पट. अपघात धरतात."

"आणि नुसता पाय खाल्ला तर?"

मास्तरांनी पुस्तक उघडून पायाचा भाव सांगितला. तिनं माझ्या दोन्ही पायांकडं पाहिलं, ते मला मुळीच आवडलं नाही.

लशी टोचून झाल्या, फोटो निघाले. (फोटोत मी फरारी इसम दिसतो.) राहिला चांगल्या वर्तनाचा दाखला. तो महिनाअखेरीच्या आत मुंबईला पोचला तरच पासपोर्ट वेळेवर मिळणार, नाहीतर बोट चुकणार. पण दाखला तर माझ्याच टेबलावरचा. मी दोघांचे अर्ज गठ्ठ्यात ठेवले, मुंबईच्या धावपळीसाठी पंधरा दिवसांची रजा मंजूर करून घेतली आणि शागीर्द बब्रुवान याला चार्ज देण्याआधी गठ्ठा उपसायला बसलो.

वनमालेचा अर्ज सगळ्यात वर होता. तो वाचला आणि मंजुरीला टाकला. बायकोच्या अर्जावर शेरा मारायची छाती उस्तादांचीही नव्हती. मग हात सुरू झाला. तीस-पस्तीस अर्ज होते. साहेबांच्या सह्या झाल्या, जावक नोंदी झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी शिपायानं माझा अर्ज मला घरपोच आणून दिला. त्यावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'अर्जदाराच्या चांगल्या वर्तनाबद्दल खात्री पटत नाही. दोन प्रतिष्ठित इसम समक्ष हजर करावेत.'

तसाच तहसीलदारसाहेबांकडं धावलो. शेरा चुकून पडला, म्हणालो. साहेबांनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला.

"मार्तंडराव, तुम्ही या इसमाला जन्मापासून ओळखता. विचार करूनच लिहिलं असेल."

मग प्रतिष्ठित इसम शोधायला निघालो. किराणा दुकानदार शिवप्पाला मी परवान्यासाठी दीड वर्ष फिरवलं होतं. त्यानं मला गादीवर बसवलं, चहा पाजला आणि "उद्या या" म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तोच चहा आणि तेच उत्तर. अंबादास मास्तर म्हणाले, विम्याच्या फॉर्मवर तुमच्याबद्दल बरं लिहिलंय, तेवढं पाप बास. गावात प्रतिष्ठित माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या एकेकाचा अर्ज मी परत केलेला आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं.

शेवटी कचेरीपुढच्या चिंचेखाली लिंबाजी भेटला. हा शेतकरी सहा महिने वारसाच्या दाखल्यासाठी खेटे घालत होता. त्याच्या बापाच्या मातीला मी स्वतः गेलो होतो, तरी बाप वारल्याबद्दल त्याच्या अर्जावर माझे सात शेरे होते. त्याला तोंड दाखवायची लाज वाटली, खरंच वाटली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि "करतो की अंगठा, त्यात काय" म्हणत उठला. दोनातला एक इसम तरी झाला.

बब्रुवान माझ्या खुर्चीत, माझ्याच उशीवर बसला होता.

"लिंबाजी प्रतिष्ठित आहे, याला कागद काय?" त्यानं विचारलं.

"अरे, मी सांगतो ना."

"तुमच्याबद्दलच तर खात्री पटत नाही, मार्तंडराव."

शागीर्द तयार झाला होता. (क्षणभर ऊर भरून आला, नाही असं नाही.)

महिना संपला. पुढं वनमालेचा पासपोर्ट आला. मी मोठ्या मनानं म्हणालो, माझ्याशिवाय करमणार नसेल तर तिकिटं परत करू. ती म्हणाली, "भावाला बघून नऊ वर्षं झाली हो. तुम्ही तर रोजच दिसता." तुळजापूरच्या द्वारकाबाई त्याच बोटीनं लेकाकडं निघाल्या होत्या, त्यांच्या सोबतीनं ती गेली. कुर्डुवाडीला गाडी हलता हलता खिडकीतून मला बजावलं, "विम्याचा हप्ता तेवढा चुकवू नका."

इकडं रजा संपल्यावर मी हजर व्हायला गेलो होतो, तर साहेब म्हणाले, ज्याच्या वर्तनाची खात्री नाही त्याला दाखल्यांच्या टेबलावर कसा बसवू? आधी शेऱ्याची पूर्तता करा. तेव्हापासून मी बिनपगारी चिंचेखालीच होतो. वनमालेचं पत्र मी तिथंच वाचलं. सिंह पाहिला, झोपला होता. जंगलाच्या फाटकावर एक कारकून बसतो, त्यानं नाव विचारलं आणि लगेच पास दिला. 'असा माणूस नोकरीत कसा टिकायचा, असं मनात आलं,' असं तिनं लिहिलं होतं.

तेवढ्यात लिंबाजी कचेरीतून बाहेर आला. साहेबांनी स्वतः लक्ष घालून त्याचा दाखला दिला होता. त्यानं तो घडी घालून टोपीत ठेवला, बुडाखाली घ्यायचं आपलं पोतं झटकलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

"घ्या रावसाहेब. म्या आठ म्हैने हितंच बसलो. लई सोयीची जागा हाय, दुपारपतुर सावली ऱ्हाती."