कर्णिककाका मधून वाचत नाहीत

आमच्या पनवेलच्या सोसायटीतल्या कर्णिककाकांना "आज पाणी किती वाजता?" असं चुकूनही विचारू नये. ते बोअरिंग खणलं तिथपासून सुरू करतात. मग बिल्डरचं पळून जाणं, मग पहिला टँकर. आजच्या पाण्यापर्यंत पोचेस्तोवर पाणी येऊन गेलेलं असतं. वॉचमन घरत एकदा काकुळतीला आला. "काका, टँकर आला का नाय, येवढाच सांगा ना." काका शांतपणे म्हणाले, "सीक्वेन्शियल फाइल आहे बाबा. मधून वाचता येत नाही."

हे वाक्य बेसिकच्या क्लासमधलं. नोकरीत असताना काका संध्याकाळी जाऊन कॉम्प्युटरची ही भाषा शिकले आणि तिथेच मुक्कामाला राहिले. कुणाचं पार्किंग कुठलं, हे अजून त्यांच्या हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर, त्यांनीच लिहिलेल्या प्रोग्रॅममधून निघतं. तळमजल्यापासून एकेक नाव वाचत प्रोग्रॅम वर चढतो. आमची लिफ्टसुद्धा त्याच्या आधी पोचते.

आमचे खजिनदार पाटील म्हणजे नेऱ्याला फार्महाऊस असलेला माणूस, त्यांना सगळंच येतं. "सरका काका, आमी करतो," म्हणत त्यांनी नव्या भाडेकरूचं नाव घालायला फाइल उघडली, ती 'आउटपुट'ने. आउटपुट म्हणजे पाटी पुसून लिहिणं. अख्खी सोसायटी पुसली गेली, उरला तो भाडेकरू. काकांनी कॉपी ठेवलेली होती म्हणून निभावलं. "पाटील, नवं लिहायचं तर 'अपेंड' म्हणावं," काका म्हणाले. "जुनं राहतं, त्याच्या शेवटी नवं जोडलं जातं."

शेवटी कमिटीने ॲप घेतलं. त्यात सगळं एका बोटावर होतं. फक्त पाटलांची आणि माझी गाडी त्याने एकाच जागेवर उभी केली. मी सेक्रेटरी, त्यामुळे जुनी माहिती मागायला काकांकडे मलाच जावं लागलं.

दार उघडंच होतं. काका काकूंच्या शेजारी बसले होते. काकू हल्ली विसरतात, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. त्या काकांना अदबीने विचारत होत्या, "आपण कोण?"

काका म्हणाले, "ऑफिसची सहल कर्नाळ्याला गेली होती. तुझी चप्पल तुटली. तू वाटेतच बसलीस आणि पिन लावायला लागलीस."

मग लग्न. मग उरणची भाड्याची खोली, मुलीचा जन्म, तिचा गोवर. काकू मध्येच थांबवून म्हणाल्या, "पण आपण कोण?"

"ऑफिसची सहल कर्नाळ्याला गेली होती," काकांनी पुन्हा सुरुवात केली. आवाजात वैताग नावालाही नव्हता. इतकी वर्षं मी या माणसाच्या लांबणीला हसत आलो होतो. आता दारातच उभा राहून ऐकू लागलो.

"काका, नुसतं नाव सांगितलं तर?" मी हळूच विचारलं.

"नावाला मान डोलावते. ओळखत नाही. पहिल्यापासून वाचत आलं, तर शेवटाशी कधीकधी ओळखते. कधीकधीच."

खोली झाली, गोवर झाला, मुलगी सासरी गेली, काका रिटायर झाले. शेवटाला आल्यावर काकांनी आजची ओळ जोडली. "आणि आज आपले सेक्रेटरी आलेत. मघापासून उभेच आहेत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाळाला आठी घालून काकांकडे वळल्या.

"अहो, मग त्यांना बसा तरी म्हणा. तुम्हाला ना, काही म्हणजे काही सुचत नाही."

काकांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिले. मी बसलो. पार्किंगचं विचारायचं राहूनच गेलं.